मदत हवी आहे: रुग्णांनी ऑनलाइन लिहिलेले अनुभव मार्गदर्शक सूचनांत कसे घ्यावेत? (छेदबिंदू, कोडबुक, झाकपाक ही उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं.)

प्रश्नकर्ता: डिप्रेशनच्या एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) गोळ्या बंद कशा कराव्यात, यावर डॉक्टरांसाठी सूचना तयार करायच्या आहेत. रुग्णांच्या गटांत गोळी सोडतानाच्या त्रासाबद्दल ढीगभर लिहिलेलं सापडतं. समितीतले काही जण म्हणतात, हे किस्से आहेत, पुरावा नव्हे. ग्रेड पद्धतीत (पुराव्याचा दर्जा ठरवून शिफारस करण्याची पद्धत) हे कुठे बसवायचं? पोस्ट जशाच्या तशा छापल्या तर चालतील का?

छेदबिंदू: किस्से म्हणून फेकू नका, पण त्यांतून टक्केवारीही काढू नका. ज्यांची गोळी विनासायास सुटते ते लिहायला येतच नाहीत, त्यामुळे अपूर्णांकाचा छेदच, म्हणजे गोळी सोडणारे एकूण किती हा आकडाच, हाती नसतो. ‘किती जणांना’ हे कळणार नाही; काय होतं, कधी सुरू होतं, कशाने उतरतं हे कळेल. म्हणून वापर दोन ठिकाणी: सुरुवातीला प्रश्न आणि आउटकम (कोणते परिणाम पाहायचे) ठरवताना, शेवटी शिफारस करताना स्वीकारार्हता आणि व्यवहार्यतेच्या रकान्यांत.

समितीला ब्रिटनच्या ‘नाइस’चं (उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी संस्था) उदाहरण द्या. 2009 च्या सूचनांत हा त्रास सहसा सौम्य, आठवडाभरात आपोआप जाणारा असं लिहिलं होतं. रुग्ण वेगळंच सांगत राहिले आणि ऑक्टोबर 2019 मध्ये मजकूर बदलला: काहींना तो तीव्र आणि लांबणारा असू शकतो. शेवटचे काही मिलिग्रॅम सोडणं सगळ्यात अवघड, हेही रुग्णच म्हणत होते. कारण औषधशास्त्रात आहे. सिटालोप्राम ही एसएसआरआय गोळी 20 मिग्रॅवर सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरचा (सेरोटोनिन पेशीत परत खेचणारं प्रथिन, ज्यावर ही गोळी काम करते) सुमारे 80 टक्के भाग व्यापते, 5 मिग्रॅच्या आसपासही जवळपास 60. म्हणजे 5 वरून थेट शून्य ही खरी मोठी उडी.

कोडबुक: शोधशब्द आणि तारखांची मर्यादा आधी लिहून ठेवा. नुसतं ‘विड्रॉवल’ (गोळी सोडल्यावरचा त्रास) शोधलंत तर बरंच निसटेल. लोक ‘डोक्यात करंट’, ‘झटके’, ‘गरगरतंय’ असं लिहितात, तेही बरेचदा रोमन लिपीत. ब्रँडची नावं घाला. एका खात्याच्या दहा पोस्ट म्हणजे एकच रुग्ण. दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग (कुठल्या पोस्टमध्ये कोणता मुद्दा आहे याची नोंद) करावं. निष्कर्षांवर किती विश्वास ठेवायचा, ते सर्क्वलच्या (गुणात्मक पुरावा तपासण्याची ग्रेडची पद्धत) चार कसोट्यांवर ठरवा: पद्धतीतल्या त्रुटी, सुसंगती, माहितीचा पुरेसेपणा, प्रस्तुतता.

प्रश्नकर्ता: पण मूळ आजारच उलटला नाही, हे पोस्टवरून कसं ओळखायचं?

कोडबुक: खात्रीने नाही. तरी तीन रकाने ठेवा: शेवटची गोळी ते पहिलं लक्षण किती दिवस, आजारात नसलेली नवी लक्षणं (करंट, चक्कर), गोळी पुन्हा घेतल्यावर किती लवकर उतार. थोड्याच दिवसांत सुरू होऊन पुन्हा गोळी घेताच पटकन शमलं, तर कल विड्रॉवलकडे. मात्र फ्लुओक्सेटिन ही एसएसआरआय गोळी शरीरात फार रेंगाळते. तिथे काही आठवड्यांनी सुरू झालेला त्रासही विड्रॉवलचा असू शकतो. बहुतेक पोस्टमध्ये हे तपशील नसतातच. तिथे ‘अनिश्चित’ लिहा, अंदाज नको.

झाकपाक: उद्धृत करण्याबद्दल: जसंच्या तसं वाक्य सर्च इंजिनात टाकलं की माणूस सापडतो, नाव काढलं तरी. आशय राखून शब्द बदला आणि बदललेलं वाक्य स्वतः शोधून पाहा. बंद गट असेल तर सदस्य होऊन गुपचूप कॉपी करणं नको. चालकांची परवानगी घ्या, गटात जाहीर सांगा. एथिक्स कमिटीचा अर्ज मजकूर गोळा करण्याआधी, नंतर नव्हे.