मदत हवी आहे : एफ.वाय. बी.कॉम.च्या गटकामाला गुण कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अकाउंट्स शिकवते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर संवादकौशल्य, चिकित्सक विचार, गटात काम करणं, नैतिक भान हे सगळं विषयातूनच रुजावं अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बहुतेकदा तक्त्यात खुणा करून मोकळं होतात.

मला मुलांना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गटागटाने पाठवायचंय. विक्रेत्याशी बोलून खरेदी, वाहतूक, नासाडी, उधारी टिपायची आणि नफा-तोटा मांडायचा. घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत धरायची का, यावर वर्गात भांडण व्हायलाच हवं!

घोडं अडलंय गुणांकनावर. गटात एक जण राबतो, बाकीचे नाव लावतात. एकमेकांना गुण द्यायला सांगितलं तर दोस्ती निभावतात. प्रत्येकाची तोंडी परीक्षा घ्यावी, तर वर्ग केवढा! शिवाय बाजारात कोंकणीत फर्डं बोलणारी मुलगी इंग्रजी अहवालात अडखळते. मग संवादाचे गुण कशावर द्यायचे?

कुणी असं काही केलंय का? वापरून पाहिलेलं रुब्रिक (कोणत्या निकषाला किती गुण, याचा तक्ता) असेल तर कृपया पाठवा, अर्धंकच्चं असलं तरी चालेल.