प्रति: टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं?

'टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शंभरच्या आत, म्हणजे सोसायटीचं पाणी उत्तम' हे काही पटलं नाही. नवी मुंबईला येणारं मोरबे धरणाचं पाणी पावसाचं, त्यात क्षार मुळातच कमी. गटाराचं पाणी थोडं मिसळलं तरी टीडीएस मीटर फारसा हलणार नाही. त्यापेक्षा नळाला उरलेलं क्लोरीन बघा: क्लोरोस्कोपमध्ये (रंगावरून क्लोरीन मोजायचा छोटा संच) ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब टाकून लगेच रंग जुळवायचा, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. गच्चीच्या टाकीत पडून राहिलेल्या पाण्यातून ते उडतं, तेव्हा तळटाकीचंही तपासा.

जंतूंसाठीचा नमुना मात्र मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका (सगळे हेच करतात). प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणून ती विसळायची नाही. ते नसेल तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट फुकटचा 'स्वच्छ' येतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.