लाकडी बाथमॅट दोन महिन्यांत खालून काळी पडली, दुसरी करताना काय बदलू?

आंघोळ झाल्यावर ओल्या फरशीवर पाय टाकायला आईला धास्ती वाटते. कापडी पायपुसणं तिच्या पायाखालून सरकतं. म्हणून मी घरीच लाकडी बाथमॅट केली. पाइनच्या नऊ पट्ट्या, प्रत्येकी ६० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, २ सेंमी जाड. मध्ये ३ मिमी फटी, खालून दोन आडव्या पट्ट्या साध्या लोखंडी स्क्रूंनी जोडल्या आणि व्हार्निशचे दोन हात दिले.

पहिले काही आठवडे छान गेले. मग कडांचं व्हार्निश पापुद्र्यासारखं सुटू लागलं. फटी जवळजवळ बुजल्या. काल उलटी करून पाहिली तर खालच्या दोन्ही पट्ट्या काळ्या, कुबट वास, स्क्रूंभोवती गंज. वरच्या पट्ट्या मात्र बऱ्या दिसतात.

पाइन घेतलं हीच चूक झाली का? सागवान आणावं, की पद्धतच बदलावी? आईला त्या मॅटची सवय झाली आहे, त्यामुळे लवकर करायची आहे.

प्रतिसाद १

सागात मुळातच तेल असतं, तो पाण्याला जास्त टिकतो हे खरं. पण तुमच्या वर्णनावरून साग आणूनही खालच्या पट्ट्या काळ्या पडल्याच असत्या. त्या थेट ओल्या फरशीवर टेकल्या आहेत, हवा खेळायला जागाच नाही. आडव्या पट्ट्यांच्या टोकांना आणि मध्ये रबरी बुटं लावा, मॅट फरशीपासून सेंटिमीटरभर तरी उचलली गेली पाहिजे. घसरणंही थांबेल.

लाकूड पाण्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फट ८ ते १० मिमी ठेवा.

वरच्या पट्ट्या टाकू नका. खिळ्याचं टोक टोचून बघा, भुसभुशीत लागलं नाही तर व्हार्निश तासून त्याच वापरा. फट वाढली की एखादी पट्टी कमी करावी लागेल, तेवढंच. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, आधी बारीक भोक पाडून खालून बसवा, म्हणजे पायाला धातू लागणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

टोचून पाहिलं, सगळ्या पट्ट्या घट्ट आहेत! फार बरं वाटलं. आता व्हार्निशऐवजी काय लावू? आणि सँडपेपर किती बारीक घेऊ?

प्रतिसाद २

तेल लावा. व्हार्निशच्या थराला एक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि त्याखालीच अडकून राहतं. तेल लाकडात मुरतं, सोलून निघत नाही, फिकं वाटलं की परत हात मारता येतो. जवसाचं तेल चालेल, फक्त वाळायला दिवसच्या दिवस घेतं. अगदी पातळ हात द्या, १५-२० मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा जास्त लावा, पाणी सगळ्यात आधी तिथूनच आत जातं.

एक गोष्ट कृपया विसरू नका: तेल पुसलेली फडकी चुरगाळून ढिगात ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

सँडपेपर आधी ८० नंबर, मग १२०, आणि तिथेच थांबा. आणखी गुळगुळीत केलं तर ओल्या पायाला निसटेल, आणि मॅट आईंसाठी आहे. कडा मात्र चांगल्या गोल करा. आंघोळीनंतर रोज भिंतीला उभी टेकवून ठेवता आली तर उत्तम, पण ते काम आईंवर टाकू नका, ओली मॅट जड होते.