ईटर: पोर्ट इंटरस्पेसमधल्या हातकामाचा डोस कसा उतरवायचा?

डोसबजेट: ईटर ही फ्रान्समध्ये उभी राहत असलेली अणुसंलयन भट्टी. तिच्या पोर्ट इंटरस्पेससाठी, म्हणजे भट्टीचं एकेक दार (पोर्ट) बुजवणाऱ्या प्लगच्या मागच्या जागेसाठी, किरणोत्साराच्या डोसचं उद्दिष्ट आहे ताशी 100 मायक्रोसिव्हर्ट, तेही यंत्र बंद करून 10 लाख सेकंद, म्हणजे जवळपास 12 दिवस झाल्यावर. समजा चौघांनी प्रत्येकी 60 तास काम केलं, तर माणशी 6 मिलिसिव्हर्ट होतात. महिनाभर आणखी थांबलं तर फरक पडेल? की शिशाच्या चादरी लावाव्यात?

गॅमारेषा: थांबून फार काही हाती लागणार नाही. न्यूट्रॉनच्या माऱ्याने धातूत किरणोत्सारी अणू तयार होतात. त्यातले मँगनीज-56 (अर्धायु, म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ, 2.6 तास) आणि तांबे-64 (12.7 तास) तोवर संपलेलेच असतात. उरतात कोबाल्ट-58 (71 दिवस), मँगनीज-54 (312 दिवस) आणि कोबाल्ट-60 (5.27 वर्षं). आणखी 30 दिवसांत पहिला सुमारे 25 टक्के घटतो, दुसरा 6-7 टक्के, तिसरा जेमतेम 1 टक्का.

खरा उपाय आराखड्यात आहे. कोबाल्ट-60 मुख्यतः पोलादातल्या कोबाल्टच्या भेसळीतून येतो. ती किती चालेल हे मागणी नोंदवतानाच ठरतं; नंतर ती काढता येत नाही. पण कोबाल्ट-58 आणि मँगनीज-54 हे भेसळीतून येत नाहीत. वेगवान न्यूट्रॉन निकेल-58 आणि लोह-54 वर आदळले की ते तयार होतात, आणि निकेल-लोह तर स्टेनलेस पोलादात असणारच. म्हणजे न्यूट्रॉनच अडवायला हवेत. पोर्ट प्लगभोवतीची सुमारे 20 मिमीची फट सरळ ठेवली तर न्यूट्रॉन तिच्यातून थेट मागे येतात. तिला पायरीसारखी वळणं द्या, प्लगच्या मागच्या भागात न्यूट्रॉन शोषणारं बोरॉन कार्बाइड भरा. आणि शेजारच्या पोर्टमधून येणारी गळती हिशोबात धरा. ही नेहमी राहून जाते.

शिशाचं म्हणाल तर, कोबाल्ट-60 चे गॅमा किरण निम्मे करायला 12 मिमी जाडी लागते. चौथाईवर आणायला 24 मिमी, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 270 किलो. ते टांगतानाही डोस लागतोच, आणि इथे किरणं चहूबाजूंनी येतात. एकाच जागी बरेच तास बसून करायचं काम असेल तरच परवडतं.

पानाहातोडा: 60 तास हा आकडाच आधी तपासा. सगळ्यात जास्त वेळ नळ्या कापण्यात आणि पुन्हा वेल्ड करण्यात जातो. इंटरस्पेसमधली उपकरणं एकाच चौकटीवर बसवून तिचे सगळे जोड एका बाजूला आणले, तर चौकट अख्खी बाहेर ओढून कमी डोसच्या जागी उघडता येते. मॉक-अपवर, म्हणजे त्या जागेच्या हुबेहूब नमुन्यावर, पूर्ण सूट घालून सराव करा; उघड्या हाताने मोजलेली वेळ खोटी निघते. हातात पाना नाही त्याने आत थांबायचं नाही.

डोसबजेट: ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप, ईटरचं एक इंधन) यात धरलेलं नाही. डोस मोजणाऱ्या बॅजवर दिसेल का?

गॅमारेषा: नाही. त्याच्या बीटा किरणांची कमाल ऊर्जा 18.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, बॅजपर्यंत पोचतच नाही. वायुरूप ट्रिटियमपेक्षा ट्रिटियमयुक्त बाष्प सुमारे 10,000 पट घातक, आणि ते कातडीतूनही शिरतं, म्हणून फिल्टरचा मास्क पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा सूटच हवा. फ्लँज (नळ्यांचा बोल्टने आवळलेला जोड) सोडण्याआधी नळी कोरड्या वायूने धुवा, कापायच्या जागी हवा ओढून घेणारी नळी लावा. काम संपल्यावर काही तासांनी लघवीचा नमुना घ्या. लगेच घेतला तर पाणी शरीरभर मिसळलेलं नसतं आणि आकडा चुकतो.