शिकत असताना केलेला प्रवास, त्यातला एकच दिवस: काय खाल्लंत, कोण भेटलं? (अनुभव धागा)

परवा कपाट आवरताना कॉलेजातलं एक रेल्वे तिकीट सापडलं, मुंबई ते वाराणसी, महानगरी, स्लीपर, आणि मग आवरणं राहिलं बाजूला. म्हटलं धागाच काढू. अख्खी ट्रिप नको, एकच दिवस सांगा. देवळं-किल्ले नेटवर आहेतच, खाणं आणि माणसं लिहा.

सुरुवात मी करतो. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, डिसेंबर, आम्ही तिघं. खाण्याचं बजेट माणशी दिवसाला शंभर रुपये, त्यातले चाळीस सकाळीच कचोरी-सब्जी आणि जिलेबीत उडाले. मग एका गल्लीच्या तोंडाशी मलइयो दिसलं. आटवलेलं दूध रात्रभर दवात उघड्यावर ठेवायचं, पहाटे घुसळायचं आणि वरचा नुसता फेस काढायचा, केशर-वेलची घालून. कुल्हडभर घेतलं, चमचा तोंडात घातला तर गिळायला काही उरलंच नाही. पैसे पाण्यात गेले म्हणून मी कुल्हड टाकणार तेवढ्यात भैया ओरडला, "अरे रुको!" आणि त्यात केशरी दूध ओतलं. ते त्याच पैशात असतं.

नंतर रस्ता चुकलो. हा सांड मगाशी पण इथंच होता यावरून आमचं भांडण चाललेलं, तर वरच्या खिडकीतून आवाज, "दुर्गाघाट हवाय ना? उजवीकडे वळा." मराठीत! ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडे पेशवाईपासूनची मराठी घरं आहेत हे आमच्या गावीही नव्हतं. आजी खाली आल्या, आडनावं विचारली, गाव विचारलं, मग थेट पाटच मांडले. वरण-भात, वर लिंबू. पाच पिढ्या काशीत, पुणं एकदाच पाहिलेलं, "फार गर्दी बाबा तिथं" म्हणाल्या. काशीच्या गल्लीत राहून!

*

मस्त धागा. माझं अमृतसर. दिल्लीच्या अलीकडे कुठंतरी पाकीट मारलं गेलं, मित्राच्या खिशात दीडशे रुपये, त्यामुळे हरमंदिर साहिबच्या लंगरमध्ये श्रद्धेपेक्षा भुकेनं गेलो हे कबूल करतो. पंगतीत बसलो, रोटीसाठी एक हात पुढे केला. सेवादार नुसता हसत उभा. शेजारच्या पोरानं कोपर मारलं तेव्हा कळलं, रोटी दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची, प्रसाद म्हणून. दाल, खीर, परत रोटी, परत रोटी.

फुकट खाल्लं म्हणून लाज वाटत होती तर लसूण सोलायला जाऊन बसलो. शेजारी एक म्हातारे सरदारजी, कुठून आलास विचारलं. मी म्हटलं नांदेड. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि माझे लसणाचे हात धरले. "हजूर साहिब दे हो!" आम्ही गुरुद्वाऱ्यासमोरून सायकल मारत क्लासला जायचो, दशमेश गुरूंनी, म्हणजे गुरू गोविंदसिंगांनी, 1708 मध्ये तिथं देह ठेवला हे शाळेत पाठ केलेलं, पण तिथं राहतो म्हणून कोणी असे हात धरेल असं कधी वाटलं नव्हतं. दोन रात्री त्यांच्याच ओळखीनं सराईत झोपलो.

*

इंदूर. सकाळी पोहे, रात्री सराफा, मधलं काही आठवत नाही. सोनारांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाऊगल्ली लागते. भुट्टे का कीस खाच. पोह्यांबद्दल मात्र भांडायला तयार आहे, वाफेवर ठेवलेले, फोडणी नावाला, वरून शेव आणि जिरावन मसाला. आमच्या आईसमोर याला पोहे म्हणून दाखवा.

*

सगळं गोड गोड चाललंय म्हणून माझं. अल्मोडा, मी एकटी. एकट्या मुलीला खोली देत नाही असं दोन ठिकाणी तोंडावर सांगितलं. संध्याकाळ झालेली, चहाच्या टपरीवर रडायच्या बेतात बसले होते. टपरीवाल्या दीदीनं काही न विचारता मंडुव्याची रोटी समोर ठेवली, म्हणजे आपली नाचणीच, वर तूप-गूळ, बाजूला हिरवट चटणी. कसली विचारलं तर म्हणाली भांगेची. माझा चेहरा बघून ती इतकी हसली! बियांची असते, चढत नाही. झोपले तिच्याच घरी, तिच्या मुलीच्या रजईत.

*

आर्किटेक्चरला असताना तंजावरला बृहदीश्वराची मापं घ्यायला गेलो होतो. भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरलेला भोसल्यांचा अख्खा इतिहास, मराठीत, तो वाचत उभा होतो तर एक काका मागून म्हणाले, तुम्ही वाचू शकता? तेही मराठीच, तिथं त्यांना रायर म्हणतात. त्यांची मराठी समजायला दोन मिनिटं लागली, सूर सगळा तमिळ आणि शब्द माझ्या पणजीचे. घरी नेलं, केळीच्या पानावर सांबार-भात आणि कडेला पांढरं काहीतरी वाढलं. डांगर पच्चडी! भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात. आमच्याकडे ते ताकात कालवतात, मला लहानपणी अजिबात आवडायचं नाही. तिथं तीनदा मागून घेतलं.

*

धागाकर्ते, मी मे महिन्यात बनारसला जातोय, मलइयो मिळेल का?

*

नाही रे. दव लागतं त्याला, थंडीतच. जूनअखेर जमव, लंगडा आंबा तरी पदरात पडेल.