मदत हवी आहे : किनाऱ्यावरील इमारती आणि वाऱ्याने सरकणारी वाळू

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात भूगोल शिकवतो. किनाऱ्यावरील बांधकामांचा वाळूच्या टेकड्यांवर काय परिणाम होतो, हे समुद्र न पाहिलेल्या नववीच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी आम्ही वर्धा नदीची चाळून वाळवलेली रेती, लाकडी ठोकळे आणि टेबलफॅन घेऊन एक प्रयोग मांडला आहे.

वाळूचे बहुतेक कण हवेत तरंगत नाहीत, तर जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतात. त्यामुळे वाटेत इमारत आली की वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीपाशी भोवरा तयार होऊन तेथील वाळू खरवडली जाते आणि दोन्ही कोपऱ्यांपासून मागे शेपटांसारखे लांब ढीग साचतात. आमच्या ठोकळ्यामागेही हे दोन ढीग स्पष्ट दिसतात. मागच्या टेकडीकडे जाणारी वाळू अशी वाटेतच अडली, तर वादळात झिजलेली टेकडी पुन्हा भरून येणे कठीण होते, हा मुद्दा मला मुलांपर्यंत पोहोचवायचाच आहे. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनेही वाळूच्या टेकड्यांना अतिसंवेदनशील वर्गात ठेवले आहे.

इमारत खांबांवर उचलली, तर वारा व वाळू खालून निघून जाते. तेव्हा प्रयोगात खांबांची उंची आणि ठोकळ्याची रुंदी यांचे प्रमाण किती ठेवावे? ठोकळे ओळीने मांडल्यास त्यांच्यात किती अंतर असावे? तसेच गुहागर, दिवेआगर भागातील कोणी घरामागे साचलेल्या वाळूचे छायाचित्र वाऱ्याच्या दिशेसह पाठवू शकेल का? ओली वाळू सहसा उडत नसल्याने कोरड्या दिवसांतील छायाचित्र अधिक उपयोगी पडेल.