मदत हवी आहे: एएस/४०० वरचं जुनं सॉर्ट बदलायचंय

नमस्कार मंडळी. आमच्या एएस/४०० या आयबीएमच्या व्यावसायिक संगणकावर (आता म्हणायचं आयबीएम आय) रात्रीच्या बॅचमध्ये अजून त्याआधीच्या सिस्टिम/३६ संगणकाच्या वळणाचं सॉर्ट (रेकॉर्ड क्रमाने लावणं) चालतं, म्हणजे एफएमटीडीटीए (FMTDTA) कमांड. आमच्याकडे ती फक्त रेकॉर्ड नंबरांची यादी लावून देते आणि आरपीजी भाषेतला प्रोग्राम त्या क्रमाने मूळ फाइल वाचतो. त्या सॉर्टचे स्पेक (ठरलेल्या कॉलममध्ये लिहिलेले नियम) लिहिणारे काका कधीच निवृत्त झाले. त्यातले कॉलम मोजून माझे डोळे गेले.

त्याऐवजी ओपीएनक्यूआरवायएफ (OPNQRYF, फाइल हव्या त्या क्रमाने उघडून देणारी कमांड) करून पाहिलं, तर प्रोग्राम खुशाल जुन्याच क्रमाने वाचत राहिला. दिवसभराने कळलं, ओव्हीआरडीबीएफ (OVRDBF) कमांडमध्ये शेअर यस, म्हणजे तीच उघडलेली फाइल प्रोग्रामनेही वापरावी, हे द्यायचं राहिलं होतं!

खरी अडचण वेगळीच. एबसिडिकमध्ये (EBCDIC, या मशीनची अक्षरं साठवायची पद्धत) अक्षरं आधी, आकडे नंतर. त्यामुळे 'ए१२' हा माल '४१२' च्या आधी येतो. एक्सेलमध्ये बरोबर उलटं, आणि ऑडिटवाले रोज विचारतात.

एसक्यूएलचं ऑर्डर बाय घेऊन फक्त त्या जॉबपुरता एसआरटीएसईक्यू (SRTSEQ, अक्षरांचा क्रम ठरवणारं सेटिंग) बदलला तर चालेल का? की लॉजिकल फाइल्सही (मूळ फाइलवरच्या क्रमवार सूची) त्याच क्रमाने नव्याने बांधाव्या लागतील, नाहीतर ऑप्टिमायझर (डेटा कुठल्या वाटेने वाचायचा ते ठरवणारा भाग) त्यांच्याकडे बघणारच नाही? कोणी हे केलंय का?